कोटेशनमधला इतिहास : जतच्या जिमला काय घ्यायचं?

पेट झाली, गाईड ठरले, आता सिनॉप्सिस द्यायचाय. अशा वेळी विषयाच्या रकान्यात हमखास 'महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास' असं काहीतरी लिहिलं जातं. मग आरआरसीत पहिलाच प्रश्न येतो, "म्हणजे नक्की काय बघणार?" आणि तिथेच गाडी अडते. एवढ्या मोठ्या विषयाला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

म्हणून आज एक छोटा, अगदी बाजारातला वाटेल असा प्रश्न घेऊ. जतमध्ये, म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेवरच्या दुष्काळी तालुक्यात, कुणी फी घेऊन चालवायची जिम काढायला निघाला, तर त्याने साधनं कोणती घ्यावीत?

दुकानदार त्याला कोटेशन देईल. दोन ट्रेडमिल, एक सायकल, मल्टी-स्टेशन, डंबेलचा रॅक, बेंच, आरसे. तुम्ही संशोधक असाल तर हे कोटेशन जपून ठेवा. त्यात चार प्रश्नांची उत्तरं आधीच गृहीत धरलेली असतात: शरीर कुणाचं, ते कशासाठी तयार करायचं, शिकवणार कोण आणि पैसे कोण देणार. पूर्वीच्या काळातल्या साधनांच्या याद्याही अशाच वाचता येतात, हे मला या लेखात दाखवायचंय. माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं आहे आणि पीएच.डी. चाललीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात. त्यामुळे वस्तू दिसली की आधी तिचं वजन डोक्यात येतं, मग पावती. खोड आहे, पण उपयोगी पडते.

आपल्या भागातली एक जुनी यादी 'मानसोल्लास'मध्ये मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला, साधारण ११३० च्या आसपासचा आहे. त्यात मल्लांच्या सरावाचे प्रकार दिलेत: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणश्रम, स्तंभश्रम. वजन उचलणं, चालणं, पोहणं, बाहूंचा जोर, खांबावरचा सराव. ही नावं वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. सगळीकडे शेवटचा शब्द 'श्रम' आहे. नाव कष्टाच्या प्रकाराला दिलंय, वस्तूला नाही. वाळूचं पोतं, पाणी, खांब हे सगळं आजूबाजूला आहेच, त्याची खरेदी करायची नाही. आजचं कोटेशन नेमकं उलटं असतं. त्यात वस्तू लिहिलेली असते आणि तिच्यावर कष्ट कोणते करायचे ते तुम्ही शोधायचं.

स्तंभश्रम म्हटलं की आपल्याला मल्लखांब आठवतो, आणि मल्लखांब म्हटलं की बाळंभट्टदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान आले, बाळंभट्टांनी सप्तशृंगीला जाऊन साधना केली, माकडांच्या हालचाली पाहिल्या आणि मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली, अशी परंपरा आहे. तुमच्या प्रबंधात ही गोष्ट येणारच. येऊ द्या, पण 'परंपरेनुसार' हा शब्द सोडू नका. सागवानी किंवा शिसवी खांब, त्याला एरंडेल, आणि जोडीदार नसतानाही पैलवानाला पकडीचा सराव, हे मात्र आजही बघता येतं. त्याला कथेची गरज नाही.

आता तालमीत या. आपल्याकडच्या जुन्या तालमीचं 'कोटेशन' फारच आखूड असे. लाल मातीचा हौदा, मुद्गलांची जोडी, एखादी गदा, ओढायला दगड किंवा ओंडका, उचलायला नाल. जोर-बैठकांना तर काहीच लागत नाही. खर्चाचा मोठा भाग साधनांवर नव्हताच, तो खुराकावर आणि वस्तादावर होता. दूध, तूप, बदाम यांची सोय कोण लावणार, हा कुस्तीचा खरा आर्थिक प्रश्न. म्हणून कुस्तीच्या इतिहासात राजे येतात. शाहू महाराजांचं कोल्हापूर आणि तिथलं खासबाग मैदान हे त्याचं ठळक उदाहरण. तुम्ही फक्त साधनं मोजलीत तर तालीम 'गरीब' दिसेल, आणि तो निष्कर्ष चुकेल.

मुद्गलावर जरा थांबतो, कारण भौतिकशास्त्रवाल्याला त्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. ६ किलोचं डंबेल मुठीत धरलं की त्याचा गुरुत्वमध्य मुठीतच असतो, मनगटाला पिळणारं बल जवळजवळ शून्य. तेच ६ किलोचं मुद्गल आडवं धरा. त्याचा गुरुत्वमध्य मुठीपासून ४० सेंटिमीटरवर असेल तर मनगटावर साधारण साडेतेवीस न्यूटन-मीटर आघूर्ण येतं. तराजूत दोन्ही सारखे, हातात अजिबात नाहीत. म्हणजे फक्त किलोत लिहिलेली यादी अर्धवट असते. जुन्या नोंदीत 'मुद्गल, नग २, वजन अमुक' असं दिसलं तर लांबी लिहिलीय का ते आधी शोधा.

आणि हे मुद्गल फिरून आलंय. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि इंग्लंडला नेलं. १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात 'इंडियन क्लब्ज' आले. अमेरिकेत सिम केहो नावाचा माणूस क्लब बनवून विकायला लागला आणि १८६६ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही काढलं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये आणि पुन्हा १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा झाली. या प्रवासात वस्तू हलकी आणि गुळगुळीत होत गेली, ती शाळेतल्या आणि पलटणीतल्या कवायतीत शिरली, आणि त्याच कवायतीच्या रूपात आपल्या शाळांकडे परतली. तालमीतल्या वस्तादाला ती ओळखूही आली नसती.

लेझीमचंही असंच. नाव फारसी आहे, आणि मूळ वस्तू म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं सरावाचं धनुष्य, ताकदीचं साधन. आज आपल्या शाळेत ती तालाची वस्तू आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीकडच्या सुमारे ४०० जणांनी लेझीम सादर केली, तेव्हा ती पूर्णपणे सामूहिक कवायत झालेली होती. नाव तेच, काम वेगळं. तुमच्या टिपणात शब्दाच्या शेजारी नेहमी सन लिहा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या भागात साधनं निवडण्याचा एक निर्णय फार चांगला नोंदलेला आहे: औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा. औंध साताऱ्यात, पण संस्थानाचा मुलूख तुकड्या-तुकड्यांचा होता आणि आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी त्यातच होती. जतचे डफळे आणि औंधचे पंत, दोन्ही दुष्काळी पट्ट्यातली छोटी संस्थानं.

भवानराव स्वतःच सांगतात की तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, त्यांनी युजेन सँडोची साधनं आणि पुस्तक घेतलं आणि दहा वर्षं नेमाने त्या पद्धतीने व्यायाम केला. सँडो म्हणजे त्या काळातला जगातला सर्वांत प्रसिद्ध ताकदवान माणूस. त्याने १८९७ मध्येच लंडनमध्ये आपली व्यायामशाळा उघडली, आणि टपालाने साधनं व शिकवणी विकण्याचा धंदा त्याने जमवला. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात दौऱ्यावरही आला होता. आज मोबाईलवर ट्रेनरचा प्लॅन विकत घेणारा मुलगा आणि सँडोचा टपालाचा गिऱ्हाईक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

मग १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून, भवानरावांनी सँडो बाजूला ठेवला आणि सूर्यनमस्कार सुरू केले. १९०९ मध्ये ते गादीवर आले. पुढे त्यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये सक्तीचे केले, मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं.

आता तुम्ही काय लिहाल? नव्वद टक्के सिनॉप्सिसमध्ये असं लिहिलं जाईल: "विदेशी साधनांचा त्याग करून त्यांनी स्वदेशी व्यायाम स्वीकारला." वाचायला छान आहे. पण थोडं ताणून बघा.

याच भवानरावांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची जागा दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे लोखंडी नांगर ओतले जात होते. म्हणजे यंत्राला किंवा लोखंडाला या राजाचा विरोध नव्हता. आणि फक्त 'विदेशी नको' एवढंच कारण असतं, तर आपल्याच संस्थानात डंबेल ओतून घेता आली असती. जो कारखाना नांगर ओततो त्याला डंबेल जड नाही. तेव्हा स्वदेशी हे कारण असेलही, पण ते पुरेसं नाही.

दुसरं उत्तर पैशाचं. छोटं संस्थान, खेड्यापाड्यातल्या शाळा, प्रत्येक ठिकाणी साधनं कुठून देणार? हे बरंच पटतं. पण मुद्गल लाकडाचं असतं, गावचा सुतार ते करून देतो. मग तेही का नाही?

माझं मत तिसरीकडे झुकतं. साधन म्हटलं की वस्ताद लागतो. मुद्गल चुकीचं फिरवलं तर खांदा जातो, मल्लखांबावरून पोरगं पडतं. प्राथमिक शाळेत एकच मास्तर आणि समोर तीन-चार इयत्तांची मुलं. त्या मास्तराला ठरावीक क्रमाच्या हालचाली म्हणून घेता येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे मोजता येतात. नमस्काराला आकडा असतो. आकडा असला की तो वहीत चढतो, वही तपासता येते. राज्य चालवणाऱ्या माणसाला हवा असा व्यायाम हाच. शिवाय नमस्कार घरात, बायकांना आणि मुलींनाही घालता येतात, आणि भवानरावांचा त्यावर विशेष भर होता. औंधच्या राणीसाहेबही नमस्कार घालत. तालमीच्या हौद्यात तर बाईला जागाच नव्हती.

हा माझा अर्थ झाला, पुरावा नाही. पण यातून तपासण्यासारखे प्रश्न कसे निघतात ते बघा. भवानरावांचं लेखन हे घटनेनंतर वीस-तीस वर्षांनी, सूर्यनमस्काराचा प्रचार करताना केलेलं आहे. प्रचारक आपल्या जुन्या सवयीबद्दल लिहितो तेव्हा ती थोडी फिकी करूनच लिहिणार. मग १८९७ मध्ये सँडोच्या नावाने नक्की काय काय विकत मिळत होतं? ते औंधपर्यंत कुठल्या मार्गाने आलं, मुंबईच्या दुकानातून की थेट टपालाने? शाळांकडे सक्तीचा हुकूम गेला त्याची भाषा काय? साधनं असलेल्या शाळांचं काय झालं? एवढ्यातच एक एम.फिल. झाली असती, एम.फिल. असताना.

या निर्णयाच्या विरुद्ध टोकाला बडोदा दिसतं. जुम्मादादा आणि प्रो. माणिकराव यांच्या परंपरेतल्या व्यायाममंदिराचं शहर. तिथूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी 'व्यायामज्ञानकोश' काढला. १९३६ पासून त्याचे खंड येत गेले, आणि १९५० मध्ये त्याचा इंग्रजी संक्षेप आला. योगायोगाने १९३६ हेच वर्ष, ज्या वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनला देशी खेळ दाखवायला गेला. औंधला वजाबाकी केली, बडोद्याला बेरीज. जे जे साधन होतं ते सगळं नोंदवायचं, चित्रांसह. तुमच्या कामाला हा कोश सोन्यासारखा आहे, पण एक लक्षात ठेवा: कोशात आहे म्हणजे गावोगाव वापरात होतं असं नाही. कोशकाराची इच्छा आणि तालमीतली वस्तुस्थिती वेगळ्या असू शकतात.

यंत्रांकडे मात्र मी भराभर जातो, त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर आहे. स्वीडनच्या गुस्ताव झांडर या डॉक्टरने १८६५ मध्ये स्टॉकहोमला यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली, ती रुग्णांसाठी. ट्रेडमिल त्याहून जुनी, पण ती तुरुंगातली: १८१८ मध्ये विल्यम क्युबिटने कैद्यांना पायऱ्या चढत ठेवणारं चाक बनवलं. (महिन्याची फी भरून आपण त्यावर चढतो हे क्युबिटला सांगायला हवं होतं.) १९७० मध्ये अमेरिकेत आर्थर जोन्सने नॉटिलस यंत्रं आणली. त्यातली कप्पी गोल नव्हती, शंखासारखी होती. हात वाकवताना कोपराचा कोन बदलतो तसं स्नायूचं बळही बदलतं, म्हणून कप्पीची त्रिज्याच बदलती ठेवली. कल्पना सुंदर आहे. पण धंद्याच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट दुसरीच होती. यंत्र हालचालीचा मार्ग बांधून टाकतं. नवखा माणूस बसला, पिन लावली, ओढलं. म्हणजे औंधच्या मास्तराचाच प्रश्न, एका शिक्षकात पुष्कळ माणसं कशी सांभाळायची, हा इथे लोखंडाने सोडवला.

मराठी माणसाच्या धंद्यातही हे वळण दिसतं. १९३२ मध्ये विष्णू तळवलकरांनी मुंबईत व्यायामशाळा सुरू केली, आणि २०१० मध्ये तळवलकरांची कंपनी शेअर बाजारात उतरली. व्यायामशाळेचा भागभांडवलाचा धंदा झाला की सगळ्या शाखांत सारखीच यंत्रं लागतात, आणि आज तालुक्याच्या गावात मिळणारं कोटेशन त्याच साच्यातून येतं.

आता परत जतला. इथे जिममध्ये येणार कोण? सकाळी साडेपाचला रस्त्यावर पळणारी मुलं-मुली बघा, बहुतेक पोलीस भरतीची तयारी करतायत. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण ५० गुण. गोळा मुलांना ७.२६ किलोचा, मुलींना ४ किलोचा. कोटेशनमध्ये गोळा कुठे आहे? नसतोच. आणि पळायला मोकळा रस्ता असताना ट्रेडमिलवर सर्वांत मोठा खर्च. ३ हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे सव्वादोन किलोवॅट, दोन असल्या की साडेचार. वर स्टॅबिलायझर, वर बिघडली की सांगली-मिरजेहून माणूस बोलवा. शिवाय या तालुक्यातली बरीच घरं ऊसतोडीला जातात. वर्षाची फी आगाऊ घेणारा हिशेब अशा घरातल्या मुलाला परवडत नाही.

दुसरीकडे, वयामुळे किंवा साखरेच्या आजारामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलेला माणूस असतो, आणि गावातल्या रस्त्यावर व्यायामाच्या कपड्यात चालायला संकोचणारी बाई असते. त्यांना ती ट्रेडमिल खरंच लागते. मी तिची थट्टा केली, पण ती एका बंद खोलीत बाईला चालायची सोय देते, हे तालमीने कधी दिलं नाही.

मला कुणी विचारलं तर मी म्हणेन: एकच ट्रेडमिल, आणि ती बायकांच्या बॅचच्या वेळेचा विचार करून ठेवलेली. २० किलोचा आणि १५ किलोचा बार, भरपूर प्लेट्स, एक भक्कम रॅक, पुलअपचा दांडा, दोन्ही वजनांचे गोळे, बाहेर मातीचा पट्टा. मुद्गलाची जोडी सुताराकडून. वाचलेल्या पैशात शिकवणारा चांगला माणूस, निदान दोन वर्षांच्या पगाराची तरतूद करून. हौशी गिऱ्हाईकाला आरसे आणि चकाकणारी यंत्रं हवी असतात, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीने ही यादी धोक्याची आहे, हेही सांगून ठेवतो.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर जिमवाल्यांच्या मुलाखतींनी सुरुवात करू नका. कागदाने करा. शाळा, तालीम मंडळं, नगरपरिषद, शासनाच्या अनुदानातून साधनं घेतलेल्या व्यायामशाळा, सगळीकडे डेडस्टॉक रजिस्टर असतं. जुन्या वहीवर 'जडवस्तू संग्रह' असं लिहिलेलं असेल. वस्तू, नग, दर, खरेदीची तारीख, कुणाकडून. अनुदान कुठल्या वर्षी आलं की कुठली वस्तू एकदम दिसायला लागते, हे दोन पानांत कळतं. फोटो काढण्याआधी मुख्याध्यापकांचं लेखी पत्र घ्या, आणि जाताना मार्च महिना टाळा, ऑडिटच्या गडबडीत कुणी वही देणार नाही.

वहीत शेवटचा रकाना निर्लेखनाचा असतो. काय मोडीत काढलं, कधी, आणि शेरा काय. खरेदीचे रकाने सगळे वाचतात. तुम्ही या रकान्यापासून सुरुवात करा. मुद्गल 'निरुपयोगी' म्हणून कुठल्या साली बाद झालं, आणि त्याच पानावर त्याच महिन्यात नवीन काय चढलं, ते आधी उतरवून घ्या.